मत सांगा, शेवट नको

आमच्या हेड कॅशियर काकांनी एक सिनेमा अर्धाच पाहिला होता, आणि त्या सिनेमावर त्यांच्याइतकं बोलणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. पूर्ण पाहिलेले लोक दोन वाक्यांत आटोपतात. काकांना अर्धाच जन्मभर पुरला.

सिनेमा जुना, बँकेवरच्या दरोड्याचा. आमच्याकडे एका पिढीनं तो टॉकीजमध्ये पाहिला, पुढच्या पिढीनं टीव्हीवर. नाव मुद्दामच सांगत नाही. सांगितलं की तुम्ही लगेच शेवटावर घसराल, आणि काकांसमोर तो गुन्हा होता. काउंटरवर कुणी त्या सिनेमाचा विषय काढला की काका जाळीच्या आतून हात वर करायचे. "मत सांगा, शेवट नको. शेवट सांगितला तर टोकन देणार न्हाई."

मी लातूरची. पहिली नेमणूक मुदखेडच्या शाखेत झाली. गाडीतून उतरले, बँकेत गेले, आणि दुपारच्या आत माझ्या हातात तिजोरीची एक किल्ली आली. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. एकट्याला ती उघडता येत नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो. दुसरी किल्ली काकांकडे होती. म्हणजे रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी मला या माणसाशेजारी उभं राहणं भाग होतं. सहा वर्षं उभी राहिले.

काका तिजोरीच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचे. मी माझी किल्ली लावायला लागले की पाठ करून भिंतीकडे तोंड करायचे. पहिल्यांदा मला वाटलं, बाई माणूस म्हणून लाजतात की काय. विचारलं तर म्हणाले, "दुसऱ्याची किल्ली बघायची नसती म्याडम. दुसऱ्याच्या ताटात बघितल्यावाणी हाय ते." मी बावीस वर्षांची, ते माझ्या वडिलांच्या वयाचे, तरी मी कायम म्याडमच. आजही म्याडमच आहे.

त्यांची किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधलेली असायची. शर्टावरून दर दहा मिनिटांनी हात तिकडे जायचा. नोटा मोजता मोजता, जेवता जेवता, मॅनेजर साहेबांशी बोलता बोलता. नव्या माणसाला वाटायचं, यांचं पोट दुखतंय.

आणि दोन किल्ल्यांचा हा नियम त्यांनी बँकेत ठेवला असता तर ठीक होतं. तो त्यांनी घरी नेला होता. एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. काकूंनी भाकरी वाढली, वरणफळं वाढली, आणि मी लोणचं मागितल्यावर काकूंनी आतून हाक मारली, "या हो, बरणी काढायचीय." काका ताटावरून उठले. एकानं बरणी धरली, एकानं फडकं सोडलं.

"वर्षाची बरणी हाय," काका मला म्हणाले. "एकट्यानं उघडायची न्हाई असं ठरलंय आमचं. खराब झाली तर इल्जाम कोणा एकावर यायला नको."

"ऐकलंस का बाई," काकू हसत म्हणाल्या, "ह्यांची ब्यांक संध्याकाळी बंद होती, आमची न्हाई होत."

काकू बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, बोलायला फटकळ. नवऱ्याची टिंगल करायची संधी त्या सोडत नसत आणि काकांना ती आवडायची. आपली टिंगल ऐकताना ते मान खाली घालून जेवत राहायचे आणि कान लाल व्हायचे.

त्याच जेवणात मला अर्ध्या सिनेमाची गोष्ट कळली. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची. काका काकूंना घेऊन नांदेडला मॅटिनीला गेले होते. सिनेमा बँकेवरचा, म्हणून काकांनीच हौसेनं निवडला. इंटरवलच्या जरा आधी दरोडेखोरांचा म्होरक्या तिजोरीपुढं येतो, खिशातून किल्ली काढतो आणि लावतो. एकच किल्ली.

"मी थेटरात ओरडलो म्याडम. म्हणलं, ही तिजोरी न्हाई, कपाट हाय! एका किल्लीनं उघडतंय व्हय?"

ओरडता ओरडता सवयीनं त्यांचा हात कमरेला गेला. करदोडा होता. किल्ली नव्हती.

पडद्यावर इंटरवल झालं आणि काकांनी काकूंना सांगितलं, "तू बस, मी आलोच." आणि ते मुदखेडला निघाले. गाडीची वेळ नव्हती म्हणून मालाच्या ट्रकमध्ये बसून गेले. किल्ली घरी न्हाणीत सापडली, पाय घासायच्या वज्रीच्या शेजारी. सकाळी अंघोळीला उतरवली ती तिथंच राहिली होती. परत नांदेडला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. खेळ कधीच सुटला होता.

"पण काका," मी म्हटलं, "एका किल्लीनं तिजोरी उघडतच नाही ना? मग एवढं काय धावायचं?"

"हेच!" काकूंनी ताटावर बोट आपटलं. "हेच म्या म्हणलं होतं!"

काका शांतपणे म्हणाले, "उघडत न्हाई हे आपल्याला ठावं हाय. चोराला ठावं नसतंय."

काकूंनी उरलेला सिनेमा एकटीनं पाहिला होता. शेवट त्यांना माहीत होता आणि काकांना नव्हता. काकांनी त्यावर नियम काढला: दुसरा अर्धा भाग आपण दोघं मिळून बघायचा, दोघं असल्याशिवाय नाही, आणि तोवर शेवट कुणी सांगायचा नाही. सिनेमा टॉकीजला पुन्हा लागला तेव्हा बँकेत ऑडिट लागलं. मग एकदा टीव्हीवर आला तर इंटरवलच्या आधीच लाइट गेली. मग मुलीची दहावी, मग काकांची बदली, मग आणखी काही. काकू म्हणायच्या, "ऱ्हाऊ द्या. म्हातारपणी बघू. तेव्हा तुम्हाला किल्ली नसंल."

पण मधल्या काळात काकांना गप्प बसवेना. त्यांनी एक लांबडं रजिस्टर आणलं, बँकेचं नाही, नांदेडहून स्वतः विकत घेतलेलं, आणि त्यात प्रेक्षकांची मतं लिहून घ्यायला सुरुवात केली. अनुक्रमांक, नाव, गाव, कुठं पाहिला, मत, सही. शाळेत शेरेबुक असतं तसंच. बँकेत कामाला आलेला माणूस सिनेमा पाहिलेला निघाला की जेवणाच्या सुट्टीत त्याला बाकावर बसवून मत घेतलं जायचं.

मी ते रजिस्टर कितीदा वाचलंय. भोकरच्या एका मास्तरांनी लिहिलं होतं, 'चित्रपट उद्बोधक आहे, मात्र विद्यार्थ्यांस दाखवू नये.' किनवटकडच्या एका म्हाताऱ्यानं अंगठा उठवला होता आणि त्याचं मत काकांच्या अक्षरात होतं, 'पोलिसाची मिशी खोटी हाय.' एका कंडक्टरनं लिहिलं होतं की दरोडेखोरांची मोटार इतकी पळते तर डिझेल कुठं भरतात ते दाखवायला हवं होतं. आमच्या मॅनेजर साहेबांनी घाईत 'चांगला' असं लिहून सही केली. काकांनी ते स्वीकारलं नाही.

"चांगला म्हंजी काय साहेब? पीककर्जाच्या अर्जावर नुस्तं 'जमीन चांगली' लिवलं तर तुम्ही मंजूर करता का?"

साहेबांनी पुन्हा पेन उघडलं आणि आठ ओळी लिहिल्या.

माझं मतही आहे त्यात. मी सिनेमा लहानपणी टीव्हीवर पाहिलेला, अर्धा स्वयंपाकघरात, अर्धा उंबऱ्यावर. मी लिहिलं, 'गाणी छान आहेत.' काकांनी वाचलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चोरी केलीय.

"ब्यांक फुटून राहिली म्याडम, अन् तुम्ही गाणे ऐकून राहिलात?"

सगळी शाखा हसली. मीही हसले. एक वेडसर, गमतीदार छंद, यापलीकडे त्या रजिस्टराचा मी कधी विचार केला नाही. बँकेत प्रत्येक शाखेत असा एक नमुना असतोच, आमच्या वाट्याला हा आला होता.

माझी बदली लातूरला झाली. किल्लीचा चार्ज द्यायचा असतो तेव्हा किल्ल्यांच्या रजिस्टरात देणारा आणि घेणारा दोघांच्या सह्या होतात. त्या दिवशी काकांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाठ केली नाही. माझी किल्ली माझ्या हातून नव्या माणसाच्या हातात जाताना बघत उभे राहिले आणि म्हणाले, "सा वर्सांत एकदाबी उशीर केला न्हाई म्याडम तुम्ही." काकांच्या तोंडून एवढं म्हणजे मानपत्रच. मला रडू आलं होतं, हे आता कबूल करते.

पुढं ते निवृत्त झाले आणि दोन वर्षांत काकू गेल्या. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेल्या त्या परत आल्या नाहीत. मी नांदेडला भेटायला गेले तेव्हा काका मुलीच्या घरी खुर्चीत बसले होते आणि हात शर्टावरून कमरेकडे जात होता. तिथं आता काहीच नव्हतं.

निघताना त्यांनी रजिस्टर मागवलं. मला वाटलं, चला, माणूस रुळावर येतोय.

"तुमचं मत लई जुनं झालंय," म्हणाले. "दुरुस्ती करायचीय. एकच सांगा. त्या पिच्चरमधी बाया किती हायेत?"

मी आठवून सांगितलं, "दोन. एक हिरॉइन, एक क्लबात नाचणारी."

"तिसरी न्हाई?"

"नाही काका. दोनच."

त्यांनी 'दोन' लिहिलं, रजिस्टर मिटलं आणि चष्मा काढून पुसत बसले. मला बसची घाई होती. त्यानंतर जो भेटेल त्याला ते हाच प्रश्न विचारतात असं त्यांची मुलगी फोनवर सांगायची. "बाबांना आता तिजोरीचं काही नाही. बायका मोजतात." आम्ही दोघी त्यावर हसलोही होतो, आणि ते हसणं आठवलं की अजून लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचाच फोन आला.

"म्याडम, डोळ्याचा पडदा सरकलाय. एक तर गेलाच, दुसरा डागदर म्हणतो सांगता येत न्हाई. फुरसत काढून एक दिस या. दुसरी किल्ली तुमच्याकडं द्यायचीय."

मी सुट्टी टाकली आणि लातूरहून सकाळची गाडी धरली. मुलगी कॉलेजात शिकवायला गेली होती. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. टीपॉयवर रजिस्टर होतं आणि शेजारी भाजलेल्या शेंगांची कागदी पुडी, दोऱ्यानं बांधलेली.

"आता पिच्चर फोनवर बी भेटतो म्हणं. टीव्हीवर लावून देता येतो का?"

"येतो की. पण काका, तुमचा नियम? दोघं असल्याशिवाय..."

"म्हणून तर बलावलं. काकूची किल्ली तुम्हाला देऊन राहिलो. ब्यांकेत माणूस गेलं तर चार्ज दुसऱ्याला देतेत ना? तिजोरी बंद पाडत न्हाईत."

त्यांनी रजिस्टराच्या शेवटच्या पानावर आधीच लिहून ठेवलं होतं, तिरप्या, एकमेकांवर चढलेल्या ओळींत: 'चार्ज दिला.' खाली त्यांची सही. त्याखाली 'चार्ज घेतला' आणि रिकामी जागा. मी सही केली. बँकेत हजार वेळा केली असेल, पण त्या दिवशी आधी ती ओळ दोनदा वाचली.

मग त्यांनी रजिस्टर माझ्या पुढ्यात सरकवलं. "आता पह्यलं पान काढा. टाचणी हाय, जपून."

इतक्या वर्षांत पहिलं पान मी पाहिलंच नव्हतं. ते दुमडून टाचणीनं बंद केलेलं असायचं आणि मतं दोन नंबरपासून सुरू व्हायची. मी समजत होते, शाई सांडली असेल. टाचणी गंजून कागदात रुतली होती. आत अनुक्रमांक एक होता. नावाच्या जागी काकूंचं नाव, गाव मुदखेड, टॉकीज नांदेडची, आणि मत, काकांच्या तरुणपणीच्या सुबक अक्षरात: 'त्या बाईनं निघून जायला पाहिजे होतं.' सहीची जागा कोरी.

"मी परत आलो तेव्हा ती थेटराच्या पायरीवर बसलेली," काका म्हणाले. "कोणी न्हाई तिथं, झाडूवाला बी झाडून गेला होता. मी म्हणलं, कसा होता पिच्चर? ती उठली, पदर झटकला अन् एवढंच बोलली. त्या बाईनं निघून जायला पाहिजे होतं. बस. वाटंनं दुसरं कायबी बोलली न्हाई."

"मग तुम्ही विचारलं नाही, कोणत्या बाईनं?"

"धाडस झालं न्हाई."

खालच्या रस्त्यानं कुलरचं गवत विकणारा ओरडत गेला. काकांनी ती टाचणी चाचपडून बाजूला ठेवली.

"तीन तास बाईमाणूस पायरीवर बसवलं मी. एका किल्लीपायी, जिनं तिजोरी उघडतच न्हाई. ती पिच्चरमधल्या बाईचं बोलली का स्वतःचं? तिचं म्हायेर नांदेडातच होतं म्याडम, चालत जायच्या वाटंवर. म्हणलं, पिच्चरमधी अशी बाई आसंल तर लोकं लिवतील. दोनशेच्या वर मतं झाली. मिशी लिवली, डिझेल लिवलं. एकानंबी बाई लिवली न्हाई." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुम्हीबी दोनच सांगितल्या."

मी फोन हातात घेतला. सिनेमा लावावा की लावू नये, हे कळेना. त्यात तशी बाई नसली तर? माझ्या आठवणीत तर नव्हतीच. या माणसानं चाळीसेक वर्षं बायकोसोबत लोणच्याची बरणी उघडली, आणि त्या सगळ्या वर्षांत त्याच्या मनात हे एक वाक्य टाचणी लावून ठेवलेलं होतं. आणि आज नजर जायच्या आत त्याला निकाल हवा होता.

"लावा," काका म्हणाले. "आधीचं ऱ्हाऊ द्या, पाठ हाय. किल्लीपासून लावा."

मी लावला. म्होरक्यानं किल्ली फिरवली आणि काका सवयीनं पुटपुटले, "कपाट." मग खुर्ची ओढत ओढत टीव्हीच्या इतक्या जवळ नेली की नाक काचेला लागायचं बाकी राहिलं. तिजोरी फुटली, भोंगा वाजला, मोटार पळाली, माझी ती छान गाणी आली आणि गेली. हिरॉइन रडली. नाचणारी मेली. मी दोन मोजल्या. घड्याळात पाहिलं तर सिनेमा संपायला वीस मिनिटं उरली होती.

तेवढ्यात एस.टी. स्टँड आलं. दरोडेखोरांच्या टोळीत मोटार चालवणारा एक फाटका माणूस आहे. त्याला सिनेमात दहा वाक्यं नसतील. त्यानं सकाळी बायकोला सांगितलेलं असतं, मी संध्याकाळपर्यंत आलो नाही तर बस धर आणि माहेरी जा. स्टँडवर ती पत्र्याची पेटी घेऊन उभी आहे. बस लागते. कंडक्टर घंटी मारतो. ती एक पाय पायरीवर ठेवते, रस्त्याकडं बघते, आणि पाय काढून घेते. बस जाते. ती पेटीवर बसते. एवढंच. लगेच पोलिसांच्या शिट्ट्या सुरू होतात आणि पुन्हा तिला कुणी दाखवतही नाही.

"थांबा!" काका ओरडले. "मागं घ्या."

मी मागं घेतलं.

"मला धूसर दिसून राहिलं. तुम्ही बघा अन् सांगा. बाई हाय ना?"

"आहे काका."

"बस गेली?"

"गेली."

"अन् ती?"

"बसली. पेटीवर."

चार वेळा मागं घ्यायला लावलं. चौथ्या वेळी त्यांनी टीव्हीच्या काचेवर, त्या पेटीपाशी, बोट ठेवलं आणि ते रडायला लागले. आवाज न करता, खांदे हलत होते फक्त. मीही रडले. तीन वर्षं मीसुद्धा त्यांच्या डोक्यावर ते 'दोन' ठेवलं होतं. गाण्यांच्या नादात ही बाई माझ्या नजरेतून गेली होती, तशी ती दोनशे माणसांच्या नजरेतून गेली. सगळ्यांचं लक्ष तिजोरीकडं. एकट्या काकूंनी तिला पाहिलं होतं.

उरलेला सिनेमा आम्ही पाहिला, पण तो सांगत नाही. सवय लागलीय.

संपल्यावर काकांनी तोंड धुतलं, शर्ट नीट केला आणि रजिस्टर पुढं केलं. "आता माझं मत लिवा. मला वळ दिसत न्हाई."

मी पेन उघडलं. अनुक्रमांक टाकला, त्यांचं नाव लिहिलं. कुठं पाहिला या रकान्यात त्यांच्या सांगण्यावरून 'अर्धा टॉकीज, अर्धा घरी' असं लिहिलं.

"मत लिवा. 'अनुक्रमांक एकशी असहमत.'"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"काकूंशी?"

"लिवा तुम्ही. 'बाईनं केलं ते बराबर केलं.'"

मी लिहिलं. त्यांनी चाचपडत सही केली, ती रकान्याबाहेर गेली. मग त्यांनी टीपॉयवरची पुडी उचलली आणि दोऱ्याची गाठ शोधायला लागले.

"त्या दिशी तिच्याकडं दोन पुड्या होत्या," काका म्हणाले. "इंटरवलला मीच घेऊन दिल्या होत्या, एक तिची, एक माझी. तिची खाऊन झालेली, टरफलं पदरात. माझी तशीच होती, बांधलेली. म्हणती निघून जायला पाहिजे होतं, अन् पुडी देते हातात." गाठ त्यांना सुटेना. त्यांनी पुडी माझ्यापुढं केली. "धरा म्याडम. एकट्यानं उघडायची न्हाई."

मी पुडी धरली आणि त्यांनी दोरा ओढला.